तापलेल्या इंजिनाची चढलेली रेस: ऑटोमॅटिक चोक कसा तपासायचा आणि कसा लावायचा

गाडी सकाळी सुरू केली की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढलेला असतो, त्यात काही चूक नाही. तो तसाच असायला हवा. पण दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून झाली, तापमानाचा काटा मध्यावर आला, सिग्नलला पाय काढला आणि इंजिन अजूनही पंधराशेवर घोंघावतंय, तर मात्र बॉनेट उघडायची वेळ आली. अशा वेळी दहातले नऊ जण एकच गोष्ट करतात. पेचकस घेतात आणि आयडल स्क्रू, म्हणजे पेडल सोडल्यावरचा वेग ठरवणारा स्क्रू, बाहेर सोडतात. कधीकधी आरपीएम उतरतोही. मग दुसऱ्या दिवशी गाडी थंडीत उभी राहत नाही, सारखी बंद पडते, म्हणून स्क्रू पुन्हा आत. हा खेळ महिनोन् महिने चालतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाला) ऑटोमॅटिक चोक असेल तर आयडल स्क्रूला हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी चोक.

चोक आरपीएम वाढवत नाही, कॅम वाढवतो

हा मुद्दा नीट डोक्यात बसला की अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा थांबतो.

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक चकती असते, ती चोकची चकती. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला हे जादा पेट्रोल लागतं. पण चकती मिटल्याने इंजिन वेगाने फिरत नाही. उलट नुसती चकती मिटली तर इंजिन गुदमरून हळूहळू मरेल. वेग वाढवायला खालची थ्रॉटलची चकती (पेडल दाबल्यावर उघडते ती) थोडी उघडावी लागते आणि ते काम करतो फास्ट आयडलचा कॅम. चोकच्या दांड्याला जोडलेला हा छोटा पायऱ्यांचा तुकडा असतो. चोक मिटला की कॅम वर येतो, थ्रॉटलच्या लिव्हरवरचा फास्ट आयडल स्क्रू त्याच्या एखाद्या पायरीवर टेकतो आणि थ्रॉटल पूर्ण मिटू शकत नाही.

चोक उघडायचं काम बायमेटल गुंडाळीचं. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची एकमेकांना जोडलेली पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. थंड असताना ती चकती मिटलेली धरते, ऊब मिळाली की ताण सोडते. ऊब देणारं काहीही असू शकतं: विजेचा हीटर, इंजिनाचं गरम पाणी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून ओढलेली गरम हवा किंवा थेट मॅनिफोल्डची धग. वेबर ३२/३६ मध्ये पाण्याचा चोक असलेला डीजीएव्ही आणि विजेचा चोक असलेला डीजीईव्ही हे दोन भाऊच आहेत. बाकी कार्ब्युरेटर तोच, फक्त ऊब द्यायची पद्धत निराळी.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो ती गोष्ट. चोक उघडला म्हणून कॅम आपोआप खाली पडत नाही. थ्रॉटलची स्प्रिंग फास्ट आयडल स्क्रूला कॅमवर दाबून धरते आणि त्या दाबाने कॅम अडकून राहतो. पेडल जरासं दाबलं की स्क्रू कॅमपासून सुटतो आणि मगच कॅम पायरी सोडतो. म्हणजे गाडी सुरू करून तुम्ही पेडलला स्पर्शही न करता वीस मिनिटं उभी ठेवलीत, तर आरपीएम वीस मिनिटं चढलेलाच राहील. तो दोष नव्हे. पेडलला एक टिचकी मारा, उतरेल. रस्त्यावर चालवताना हे आपोआप घडत असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

सकाळी थंड गाडी सुरू करण्याआधी पेडल एकदा खाली दाबून सोडायला सांगतात, त्याचंही कारण हेच. स्क्रू बाजूला झाल्याशिवाय चोक मिटूच शकत नाही.

काम सुरू करण्याआधी

मोकळ्या हवेत काम करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून चोक बघत बसणं जिवाशी खेळ आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या वर. कार्ब्युरेटरच्या तोंडावर तोंड नेऊन बघू नका, एअर फिल्टर काढलेला असताना बॅकफायर झाला की ज्वाला वरच येते. कार्ब्युरेटर क्लीनर पेट घेतो, त्यामुळे साफसफाई इंजिन थंड असताना करा आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत: पेचकस, छोटे पाने, मल्टीमीटर, टॉर्च, कार्ब्युरेटर क्लीनर, कागदाची पट्टी आणि मोबाइल. मोबाइल फोटो काढण्यासाठी. चोकच्या टोपीवरची (बायमेटल गुंडाळीच्या गोल झाकणावरची) खूण कुठे होती, हे अर्ध्या तासानंतर कोणालाही आठवत नाही.

पहिली पायरी: थंड इंजिनावर नुसतं बघायचं

हे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. दुपारी 'थंड झाली असेल आता' म्हणून केलेली तपासणी फसवते.

एअर फिल्टरचा डबा काढा. पेडल एकदा पूर्ण दाबून सोडा. चकती झटक्यात मिटली पाहिजे. हवा उबदार असेल तर ती पूर्ण मिटणार नाही, थोडी फट राहील. तेही बरोबर. आता बोटाने चकती हलकेच उघडून सोडा. ती स्प्रिंगच्या जोराने परत यावी, पण कुठेही अडखळू नये. आडवी-तिडवी अडकत असेल, एका जागी खरखरत असेल, तर ती जागा लक्षात ठेवा.

इंजिन सुरू करा. सुरू झाल्याबरोबर चकती किंचित उघडायला हवी, काही मिलिमीटरच. हे काम व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या हवा ओढण्यावर) चालणारा डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, करतो, त्याला पुल-ऑफ म्हणतात. जुन्या रचनांत त्याच जागी एक छोटा पिस्टन असतो. चकती जराही हलली नाही तर इंजिन धूर ओकत, थडथडत चालेल. डायफ्रॅमची परीक्षा सोपी आहे. त्याची नळी काढून तोंडाने ओढा आणि जिभेने टोक बंद करा. दांडी आत जाऊन तशीच टिकली तर ठीक, हळूहळू सुटली तर डायफ्रॅम फाटलेला. फाटलेल्या डायफ्रॅममधून जादा हवाही शिरते, म्हणजे एकाच वेळी दोन दुखणी.

यावेळचा आरपीएम लिहून ठेवा. थंड इंजिनाचा फास्ट आयडल साधारण पंधराशे ते अठराशेच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळेल. तो मिळत असेल तर माझ्या आकड्याकडे बघू नका.

दुसरी पायरी: तापल्यावर तीन प्रश्न

इंजिन चालू ठेवा. विजेचा चोक दोन ते पाच मिनिटांत उघडतो, पाण्याचा चोक त्याहून वेळ घेतो. इंजिन पुरतं तापलं की पेडलला टिचकी मारा आणि मग हे प्रश्न याच क्रमाने विचारा:

१. चकती उभी झाली का?
२. कॅम खाली पडला का?
३. फास्ट आयडल स्क्रू आणि कॅम यांच्यात फट दिसते का?

तिन्हीचं उत्तर 'हो' असेल आणि आरपीएम तरीही चढलेला असेल, तर चोक निर्दोष आहे. हवेची गळती, केबल, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तिकडे वळा, ते पुढे आहे. पहिल्याच प्रश्नाला 'नाही' आलं तर ऊब पोहोचत नाही किंवा चकती अडकते आहे. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असेल तर कॅम किंवा त्याचा दांडा.

एक सोपी खूण आणखी आहे. आरपीएम चढलेला, शिवाय एक्झॉस्टमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास, म्हणजे चकती मिटलेली आहे. आरपीएम चढलेला पण एक्झॉस्ट स्वच्छ, म्हणजे कॅम अडकलेला किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. स्पार्क प्लग काढून बघितलात आणि त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर पहिल्या शक्यतेला बळकटी मिळते.

कॅम अडकला असेल तर

इंजिन बंद करा, थ्रॉटल किंचित उघडून धरा आणि बोटाने कॅम खाली ढकला. ढकलल्यावर सहज गेला आणि आपोआप मात्र जात नाही, तर नव्वद टक्के वेळा तो घाणीने चिकटलेला असतो. पेट्रोलचा वाळलेला डिंक आणि धूळ मिळून जे तयार होतं ते कॅमच्या खिळीत बसतं. क्लीनर मारा, कॅम वर-खाली हलवा, पुन्हा मारा. घाण वितळून तपकिरी पाणी खाली येणं थांबेपर्यंत हे करत राहा. पुल-ऑफच्या रबरी डायफ्रॅमवर आणि टोपीच्या प्लॅस्टिकवर क्लीनर उडू देऊ नका, रबर फुगून वाया जातं.

नंतर तेल लावू नका. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. पण तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत कॅम पहिल्यापेक्षा घट्ट होतो. लावायचंच असेल तर कोरडा ग्रॅफाइट.

साफ करूनही अडकत असेल तर दांडा वाकलेला आहे का, क्लिप उलटी बसली आहे का, कॅम शेजारच्या एखाद्या ब्रॅकेटला घासतो का, हे टॉर्च लावून बघा.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडली नव्हती. गाडी तापल्यावर चौदाशेच्या खाली यायची नाही. एअर फिल्टर काढून तपासलं की चोक फुलासारखा उघडायचा, कॅम पडायचा, आरपीएम आठशेवर. समाधानाने फिल्टर चढवला, चक्कर मारून आलो, पुन्हा चौदाशे. हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी फिल्टरचा डबा न काढता त्याच्या नळीतून टॉर्च मारला तर चकती तिरकी अडकलेली. मीच डब्याचा विंग नट मन लावून आवळत होतो. त्या ताणाने कार्ब्युरेटरचं वरचं ॲल्युमिनियमचं झाकण कणभर वाकत होतं आणि चोकचा दांडा आपल्या भोकांत जखडत होता. नट सैल केला की झाकण सरळ, दोष गायब. त्यानंतर मी तो नट दोन बोटांनी बसेल तेवढाच आवळतो. तुमचाही दोष 'फिल्टर काढला की जातो' अशा स्वभावाचा असेल, तर आधी हा नट बघा आणि डब्याखालचं पॅकिंग चकतीच्या वाटेत सरकलेलं नाही ना, हेही.

चकतीच उघडत नसेल तर

*विजेचा चोक.* मल्टीमीटर काढा. इंजिन चालू असताना टोपीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात ते बघा. बॅटरीवर जितके, जवळपास तितकेच यायला हवेत. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडत असेल तर वायर, जोड किंवा फ्यूज खराब आहे. याला एक अपवाद: काही गाड्यांत, विशेषतः जुन्या फोर्डमध्ये, चोकला अल्टरनेटरच्या स्टेटरवरून (त्यातल्या स्थिर गुंडाळीवरून) सुमारे ७ व्होल्ट मिळतात आणि त्यांची टोपी त्याच हिशेबाने बनवलेली असते. तिथे बाराची टोपी बसवली तर चोक फार उशिरा उघडतो. सातच्या टोपीला बारा दिले तर थंड इंजिनातच चोक उघडून बसतो.

मग अर्थ तपासा. मीटरचं एक टोक टोपीच्या धातूवर किंवा अर्थच्या टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. दोन दशांश व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे. काही टोप्या वेगळी अर्थ वायर मागतात, तर काही टोप्यांचा अर्थ सरळ कार्ब्युरेटरच्या अंगातूनच होतो. दुसऱ्या प्रकारात कोणी मन लावून टोपीखाली कागदी पॅकिंग घातलं तर अर्थ तुटतो आणि चोक कधीच तापत नाही. पूर्वी कोणी कार्ब्युरेटर उघडला असेल तर हे पॅकिंग हमखास सापडतं.

व्होल्ट आणि अर्थ दोन्ही ठीक असतील, तर वायर काढून टोपीचा रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, सर्किट उघडं दिसत असेल, तर हीटर तुटलाय आणि टोपी बदलावी लागेल. मीटर नसेल तर बोट हे मीटर. पाच मिनिटांनी टोपी स्पष्ट गरम लागली पाहिजे. जपून लावा, चांगली तापते.

चोकची वायर कुठून घेतली आहे, हेही बघा. ती इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घेतलेली असेल तर काढा. ती जागा जवळ आणि सोयीची असते, म्हणून बरेच जण तिथूनच घेतात. पण पुष्कळ गाड्यांत कॉइलला मुद्दाम रेझिस्टन्समधून कमी व्होल्टेज दिलेलं असतं. त्यामुळे चोक अर्धवटच तापतो आणि वर कॉइलच्या वाट्याची वीज खातो. ठिणगी मऊ पडते आणि माणूस प्लग बदलत बसतो. वायर फ्यूजबॉक्समधल्या अशा जागेवरून घ्या जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते, मध्ये फ्यूज टाका, आणि शंका असेल तर रिले. कायम वीज असलेल्या जागेवरून घेतली तर गाडी उभी असतानाही टोपी तापत राहील आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल.

विजेच्या चोकची एक खोड माहीत असलेली बरी. गाडी अर्धा तास उभी राहिली की टोपी लवकर थंड होते, इंजिन मात्र गरमच असतं. पुन्हा सुरू केल्यावर चोक थोडा मिटतो आणि मिनिटभर आरपीएम चढतो. हा बिघाड नाही. फारच खटकत असेल तर टोपी एक खाच मोकळ्या बाजूला फिरवा.

*पाण्याचा चोक.* चोकच्या नळ्या हाताळा. येणारी आणि जाणारी, दोन्ही गरम हव्यात. एक गरम आणि एक गार असेल तर गंजाने वाट तुंबली आहे किंवा हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर रेडिएटरच्या थर्मोस्टॅटकडे बघा. 'गाडी गरम होते' म्हणून कोणी तो काढून टाकला असेल तर इंजिन कधी पुरतं तापत नाही आणि चोक कधी पुरता उघडत नाही. अशा गाडीत चोकची टोपी कितीही फिरवा, उपयोग नाही. थर्मोस्टॅट परत बसवा.

*गरम हवेचा चोक.* इथे एक बारीक नळी मॅनिफोल्डजवळची गरम हवा चोकच्या डबीत आणते आणि डबीच्या आतलं व्हॅक्यूम ती ओढून घेतं. नळी कुजते, तुंबते किंवा तिच्यावरचं आवरण गळून पडतं. डबी उघडल्यावर आत काजळी दिसली तर नळी मॅनिफोल्डच्या आत फुटलेली आहे आणि हवेऐवजी एक्झॉस्टच डबीत येतोय. गुंडाळी मॅनिफोल्डच्या खोबणीत बसवलेली असेल, तर त्याखालची एक्झॉस्टची आडवी वाट कार्बनने बंद झाल्यावरही चोक आळशी होतो.

टोपी फिरवणं

ऊब पोहोचते आहे, काही अडकत नाही, तरी चोक उशिरा उघडतो, तेव्हाच टोपीला हात लावा. आधी फोटो काढा किंवा टोपीवर आणि डबीवर सरळ एक ओरखडा ओढा.

टोपी बहुधा तीन स्क्रूंवर असते. ते फक्त सैल करा, काढू नका. टोपी काढली तर गुंडाळीचा आकडा लिव्हरच्या जिभेतून निसटतो आणि परत बसवताना तो नेमका अडकला नाही, तर चोकचा आणि टोपीचा संबंधच उरत नाही. काही गाड्यांत स्क्रूऐवजी रिव्हेट असतात, ते ड्रिलने काढावे लागतात.

कुठल्या दिशेला फिरवायचं? काही टोप्यांवर बाण असतो, काहींवर नसतो, आणि दिशा प्रत्येक कार्ब्युरेटरला सारखी नसते. म्हणून थंड इंजिनावर चकतीकडे बघत फिरवा. ज्या दिशेला फिरवल्यावर चकती मिटण्याचा जोर कमी होतो, ती मोकळी बाजू. एका वेळी एकच खाच. मग स्क्रू आवळा, रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा तपासा. हो, रात्रभर. तापलेल्या इंजिनावर टोपी फिरवून 'आता बरोबर वाटतंय' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खोकताना दिसते. तीन खाचांच्या पुढे जावं लागत असेल तर थांबा, दोष टोपीच्या जागेत नाही.

फास्ट आयडल स्क्रू

हा तापलेल्या इंजिनावर लावायचा. थ्रॉटल थोडा उघडा, कॅम बोटाने वर उचलून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पायरीवर ठेवा आणि थ्रॉटल सोडा. मग स्क्रू फिरवून त्या पायरीसाठी दिलेला आरपीएम आणा. कुठल्या पायरीवर मोजायचं हे महत्त्वाचं आहे. सर्वात उंच पायरीचा आकडा दुसऱ्या पायरीवर लावला तर सकाळी गाडी किंचाळेल.

झाल्यावर थ्रॉटलला टिचकी मारून कॅम पाडा आणि कागदाची पट्टी स्क्रू व कॅम यांच्यामध्ये सरकवा. ती मोकळी सरकली पाहिजे. अडकली, तर तुमचा तापलेल्या इंजिनाचा आयडल आयडल स्क्रूवर नाही, कॅमवर उभा आहे.

अपवाद आहेतच. फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्स ३४ पिक्ट-३ मध्ये थ्रॉटलच्या लिव्हरवरचा स्क्रू कॅमच्या सर्वात खालच्या पायरीवर मुद्दाम टेकवलेला असतो. टेकल्यावर साधारण पाव फेरा आत, एवढंच, आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. त्या कार्ब्युरेटरचा आयडल बाजूच्या मोठ्या बायपास स्क्रूने लावतात. हे न कळल्यामुळे कित्येक बीटलांचा तो कॅमवरचा स्क्रू आयडल लावण्यासाठी पिळला गेलाय आणि मग बाकीचं काहीच जुळत नाही.

चोक निर्दोष निघाला तर

इंजिन तापलेलं असताना चोकची चकती हाताने हळूहळू मिटवत न्या. इंजिन गुदमरू लागलं तर मिश्रण ठीक आहे. वेग वाढला, चाल सुधारली, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कार्ब्युरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचे जोड, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी), कोणी उघडं ठेवलेलं व्हॅक्यूमचं तोंड, हे सगळं बघा. ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील आहे ना, दुसऱ्या बॅरलची (कार्ब्युरेटरमधल्या दुसऱ्या वाटेची) चकती पूर्ण मिटते ना, एसीसाठीचा आयडल वाढवणारा सॉलेनॉइड सतत दाबलेला नाही ना, हेही. डिस्ट्रिब्युटरमधली टायमिंग पुढे नेणारी वजनं अडकली असतील तरी आरपीएम चढतो, ते टायमिंग लाइटने कळतं.

हे सगळं झाल्यावर आयडल स्क्रू. तोही इंजिन तापलेलं, फिल्टर चढवलेला, दिवे आणि पंखे बंद, अशा स्थितीत. बहुतेक छोट्या-मध्यम इंजिनांना सातशे ते साडेआठशे पुरतात. चावी बंद केल्यावरही इंजिन खडखडत चालू राहत असेल, तर आयडल अजून जास्त आहे असं समजा.

स्कूटरचा मामला वेगळा

स्कूटरच्या छोट्या कार्ब्युरेटरमध्ये ऑटो चोक म्हणून जो काळा दंडगोल असतो, दोन वायरी आलेला, त्यात चकतीही नाही आणि कॅमही नाही. आत मेणाची गोळी आणि तिला तापवणारा हीटर असतो. थंड असताना जादा पेट्रोल-हवेची एक आडवाट उघडी असते. हीटर तापला की मेण फुगतं, सुई पुढे येते आणि वाट बंद होते. सुई पुढे आली नाही तर आरपीएम उतरत नाही. तेवढ्या वेगाने क्लच पकडतो, स्टँडवर मागचं चाक फिरत राहतं आणि सिग्नलला गाडी ब्रेकवर धरून ठेवावी लागते.

तपासणी सरळ आहे. दोन स्क्रू काढून तो दंडगोल बाहेर घ्या, सुई किती बाहेर आहे ते पट्टीने मोजा, दोन्ही वायरी १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा आणि पाच मिनिटं थांबा. अंग गरम झालं आणि सुई काही मिलिमीटर पुढे आली, तर तो चांगला आहे, गाडीतून येणारी वीज आणि जोड तपासा. बऱ्याच स्कूटरींत ही वीज फक्त इंजिन चालू असतानाच येते, त्यामुळे नुसती चावी फिरवून मोजाल तर मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही विनाकारण वायरिंग उकलाल. अंग गरम झालं पण सुई हलली नाही, तर मेण गेलं, दंडगोल बदला. अंगच गरम झालं नाही, तर हीटर गेला, तरीही दंडगोलच बदला. बदलताना त्याच्या तोंडाची रबरी रिंग नवी टाका आणि ती जागेवर बसली आहे हे बोटाने चाचपून बघा, नाहीतर तिथूनच हवा शिरते आणि चढलेला आरपीएम नव्या भागासकट तसाच राहतो.